श्रीरामपूरची दफनभूमी आणि वैजनाथ पंडित

श्रीरामपूर म्हटले की मराठी माणसाला नगर जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले, उसाच्या पट्ट्यातले गाव आठवते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात भेटणारे श्रीरामपूर मात्र तेथून दीड हजार किलोमीटरांहून दूर, हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर आहे. इंग्रजांनी त्याचे सेरामपूर केले, डेन्मार्कच्या लोकांनी आपल्या राजाच्या नावावरून फ्रेडरिक्सनगर केले, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्याला पाच गुणांच्या टीपेत बसवले. 'विल्यम कॅरी : टीप लिहा.' एम. ए.च्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणाही अध्यापकाला ही टीप पाठ असते. कॅरीने १८०५ मध्ये मराठी भाषेचे व्याकरण इंग्रजीतून लिहिले, १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापला, बायबलचे मराठी भाषांतर केले, श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी गद्याची आरंभीची पुस्तके बाहेर पडली. एवढे लिहिले की गुण मिळतात. शेवटी 'कॅरी हा मराठी गद्याचा जनक होय' असे एखादे वाक्य आले, तर अर्धा गुण अधिक देणारेही असतात.

हे जनकत्व मला पहिल्यापासून खटकत आले आहे. एक तर मराठीचे व्याकरण लिहिण्याचा युरोपीय उद्योग कॅरीपासून सुरू होत नाही. १७७८ मध्ये रोममध्ये पोर्तुगीज भाषेत मराठीचे एक व्याकरण छापले गेले होते. दुसरे असे, की महानुभावांच्या गद्यापासून बखरींपर्यंत सहा शतके ज्या भाषेत गद्य लिहिले जात होते, तिला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जनक मिळावा ही कल्पनाच मोठी चमत्कारिक आहे. तरीही कॅरीचे काम लहान नाही. छापलेल्या मराठी गद्याचा विचार करताना श्रीरामपुराला वळसा घालून पुढे जाता येत नाही. महाराष्ट्र कधीही न पाहिलेला एक माणूस बंगालमध्ये बसून मराठीचे व्याकरण आणि कोश कसा करू शकला, हा प्रश्न त्या टीपेत कधी विचारलेला नसतो. मला त्याचेच कुतूहल होते.

काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्राच्या निमित्ताने कोलकात्याला जाणे झाले आणि परतीच्या आधीचा एक दिवस मोकळा मिळाला. बंगाली शिकवणाऱ्या एका अध्यापिकेशी दोन दिवसांत चांगले जुळले होते. 'दिदी, मी उद्या श्रीरामपूरला जाणार, कॅरीची कबर पाहायला,' असे म्हटल्यावर त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, 'तुम्ही मराठी लोक पूर्वी घोड्यांवरून यायचे, आता लोकलने येणार!' विनोद त्यांनी सहज केला, पण त्यामागे इतिहास होता. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी १७४१ पासून दहा वर्षे बंगालवर स्वाऱ्या केल्या. त्या 'बर्गीं'ची धास्ती बंगाली अंगाईगीतात अजून शिल्लक आहे आणि त्यांच्याच भयाने १७४२ मध्ये कोलकात्याभोवती 'मराठा खंदक' खणायला घेतला होता. त्या स्वाऱ्या थांबल्याला पुरते अर्धशतक उलटते न उलटते तोच त्याच नागपूरकडचा एक शास्त्री बंगालमध्ये येऊन बसला आणि कंपनीच्या कोवळ्या अधिकाऱ्यांना मराठी शिकवू लागला. त्याचे नाव वैजनाथ. पाच गुणांच्या टीपेत त्याला क्वचितच जागा मिळते.

हावड्याहून लोकल निघाली. लिलुआ, बेलूर, बाली, उत्तरपाडा, कोन्नगर, रिशडा. डाव्या-उजव्या हाताला गिरण्या आणि केळीची झाडे, मधूनच तळी. पाऊण तासाच्या आत श्रीरामपूर आले.

हे गाव १७५५ पासून १८४५ पर्यंत डेन्मार्कच्या ताब्यात होते, आणि कॅरीच्या चरित्रात या गोष्टीला मोठे महत्त्व आहे. आपल्या मुलखात मिशनऱ्यांनी वावरावे हे कंपनी सरकारला तेव्हा मान्य नव्हते. डॅनिश गव्हर्नर ओले बी याने १८०० मध्ये त्यांना आसरा दिला, म्हणून मार्शमन, वॉर्ड आणि कॅरी हे त्रिकूट येथे स्थिरावले व छापखाना उभा राहिला. गंमत अशी, की ज्या कंपनीने त्यांना आपल्या हद्दीत मिशन काढू दिले नाही, तिच्याच फोर्ट विल्यम कॉलेजात पुढच्याच वर्षी कॅरी अध्यापक म्हणून रुजू झाला. आधी बंगाली व संस्कृत, आणि काही वर्षांत मराठीही. आठवड्यातले काही दिवस तो होडीने नदीमार्गे कोलकात्याला जाई आणि परत येई. धर्मप्रसारकाला पगार कंपनीचा, आसरा डेन्मार्कचा आणि भाषा आपली, असा हा सगळा मामला होता.

स्टेशनाबाहेर बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षा उभ्या असतात. तिकडे त्यांना टोटो म्हणतात. चालकाला मी मोडक्या बंगालीत 'केरी साहेबांची कबर' असे सांगितले. त्याने मान डोलावली आणि मला एका दफनभूमीपाशी आणून सोडले. ती डॅनिश दफनभूमी निघाली. श्रीरामपुरात जुन्या दफनभूमी एकाहून अधिक आहेत आणि दोन्ही लहान, दोन्ही घरांच्या गर्दीत दडलेल्या; परगावच्या माणसाचा घोटाळा व्हावा अशाच. ओले बी येथेच विसावला आहे. त्याने आसरा दिला नसता तर कॅरीचे मराठी व्याकरण कदाचित श्रीरामपुरात छापले गेले नसते, असा विचार करून मी तेथे थोडा वेळ थांबले, आणि मग पुन्हा विचारत विचारत निघाले. एका किराणा दुकानातल्या आजोबांनी दुकानातल्या मुलाला माझ्याबरोबर धाडले. वस्तीतल्या गल्लीत एक भिंत, एक फाटक, आणि फाटक उघडून देणारे एक शांत गृहस्थ.

मिशनची दफनभूमी खरोखरच लहान आहे. कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरील दफनभूमीत मनोरे आणि घुमट एकमेकांवर कुरघोडी करताना दिसतात. तसे येथे काही नाही. गवत होते, सावली होती, भिंतीपलीकडून कोणाच्या तरी घरातल्या दूरदर्शनसंचाचा आवाज येत होता. वॉर्ड १८२३ मध्ये पटकीने गेला, कॅरी १८३४ मध्ये, मार्शमन १८३७ मध्ये. हयातीत एका भटारखान्यात जेवणारे, मिळकत एका पेटीत टाकणारे हे तिघे येथेही एकाच आवारात आहेत. कॅरीचे थडगे म्हणजे एक चौकोनी, भक्कम बांधकाम. त्यावरच्या शिळेवर त्याचे नाव, १७ ऑगस्ट १७६१ ही जन्मतारीख, मृत्यूची तारीख आणि आयझॅक वॉट्सच्या एका स्तोत्रातल्या दोन ओळी. स्वतःला अगदी क्षुद्र जीव ठरवून देवाच्या हाती सोपवणाऱ्या त्या ओळी आहेत. आपल्या संतांच्या 'पामर' या शब्दाची सवय असलेल्या वाचकाला त्यांत काही परके वाटू नये.

व्याकरणाचा उल्लेख नाही. कोशाचा नाही. फोर्ट विल्यम कॉलेजाचा नाही, बायबलाचाही नाही. कॅरीने मृत्युपत्रात बजावूनच ठेवले होते की एवढाच मजकूर कोरावा, याहून अधिक काही नको. आणि तोही वेगळ्या दगडावर नव्हे, तर दुसरी पत्नी शार्लट हिच्या स्मृतिशिळेवर जेथे जागा असेल तेथे. शार्लट रुमोर ही सुशिक्षित, बहुभाषी स्त्री. १८०८ मध्ये तिचा कॅरीशी विवाह झाला आणि १८२१ मध्ये ती वारली. तिच्या शेजारी आपल्याला पुरावे, अशी त्याची इच्छा होती.

त्या जागी उभी असताना मला सारखी आठवत होती ती त्याची पहिली पत्नी. डॉरोथी लग्नाच्या वेळी निरक्षर होती. नोंदवहीत तिने सहीच्या जागी फुली केली. १७९३ मध्ये ती मोठ्या नाखुशीने हिंदुस्थानात आली. पुढच्याच वर्षी पाच वर्षांचा मुलगा पीटर दगावला आणि त्यानंतर तिचे मन ताळ्यावर राहिले नाही. १८०७ मध्ये मरण येईपर्यंत तिला बरेचदा खोलीत बंद करून ठेवावे लागे. म्हणजे १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले जात होते, त्याला जोडलेले रोजच्या विषयांवरचे संवाद जुळवले जात होते, तेव्हा व्याकरणकाराच्या घरात ही बाई कुलपाआड होती. तिच्यावर अलीकडे इंग्रजीत स्वतंत्रपणे लिहिले गेले आहे आणि ते योग्यच झाले. कॅरीला दोषी ठरवण्यासाठी मी हे सांगत नाही. त्या काळात वेडावर दुसरा उपाय नव्हता. पण 'ज्ञानसाधना' हा शब्द आपण फार मोकळ्या हाताने वापरतो, तेव्हा भिंतीपलीकडच्या खोलीची आठवण असलेली बरी.

डॉरोथीचा माग निदान कॅरीच्या चरित्रातून काढता येतो. वैजनाथाचे काय? कॅरीने आपल्या प्रस्तावनेत त्याचे ऋण मान्य केले आहे. कॉलेजातला मुख्य मराठी पंडित म्हणून त्याचा गौरवाने उल्लेख केला आहे. मात्र तेथे त्याचे नाव ज्या इंग्रजी स्पेलिंगने छापले आहे, ते सरळ वाचले तर 'विद्युनाथ' असे होते. मराठीत तो कधी वैजनाथ पंडित, कधी वैजनाथ शर्मा, तर कधी वैजनाथशास्त्री कानफाडे म्हणून येतो. 'सिंहासन बत्तिशी' (१८१४), 'हितोपदेश' (१८१५), 'राजा प्रतापादित्याचे चरित्र' (१८१६) या श्रीरामपुरी पुस्तकांशी त्याचे नाव जोडले जाते. कॅरी महाराष्ट्रात कधी आला नाही, हे वर म्हटलेच. मग त्याच्या व्याकरणातले मराठी कोणाच्या तोंडचे? 'मी जातो' आणि 'मी गेलो' यांतला फरक त्याला कोणी बोलून दाखवला? कर्तरी-कर्मणीचा गुंता, ज्यापुढे आपले विद्यार्थी आजही हात टेकतात, तो इंग्रज माणसाला कोणी उलगडून दिला? पुढे मुंबईत काम करणाऱ्या अमेरिकन मिशनऱ्यांना श्रीरामपुरी भाषांतरे वापरण्याजोगी वाटली नाहीत आणि त्यांनी नव्याने भाषांतर हाती घेतले. त्या पुस्तकांतली भाषा नागपूरकडची आहे, असा आक्षेप पुढेही घेतला गेला. माझ्या मते तो आक्षेप म्हणजे वैजनाथाचा मोठाच पुरावा आहे. कॅरीच्या मराठीला प्रदेश आहे, कारण ते बोलणाऱ्या माणसाला गाव होते.

बंगाली लोकांनी आपल्या मुन्शींची आठवण आपल्यापेक्षा बरी ठेवली. कॅरीला बंगाली शिकवणारा रामराम बसू हा प्रमथनाथ बिशी यांच्या 'केरी साहेबेर मुन्शी' (१९५८) या कादंबरीचा नायक झाला. शीर्षकात साहेबाचे नाव षष्ठीत जाते आणि कर्ता मुन्शी ठरतो, हे व्याकरणदृष्ट्याही मला फार आवडते. रॉबर्ट होम याने रंगवलेल्या कॅरीच्या प्रसिद्ध चित्रात त्याच्या शेजारी एक पंडित बसला आहे. तो मृत्युंजय विद्यालंकार असे सांगितले जाते. आमच्या वैजनाथाला ना चित्र मिळाले ना कादंबरी. (प्रतापादित्याचे ते चरित्र मुळात रामराम बसूने १८०१ मध्ये बंगालीत लिहिलेले. एका साहेबाच्या पदरच्या दोन भाषिकांचे हे नाते त्या दोन पुस्तकांतून तपासून पाहण्यासारखे आहे. एखाद्या विद्यार्थ्याने विषय म्हणून घ्यावा.)

दफनभूमीतल्या सावलीत बसून मी वैजनाथाची कबर शोधत होते, असे म्हटले तर ते शब्दशः खरे ठरणार नाही. ती असणारच नव्हती. आपल्याकडे शास्त्रीपंडितांचे दहन होते, अस्थी पाण्यात जातात, आणि दगड उभा राहतो तो संन्याशाच्या समाधीवर किंवा सरदाराच्या छत्रीखाली. पोटासाठी भाषा शिकवणाऱ्या गृहस्थाच्या नावे दगड ठेवण्याची आपली रीत नाही. त्यामुळे साहेब आणि पंडित यांच्या स्मृतीतली विषमता केवळ साम्राज्याने घडवली, असे म्हणून भागत नाही. तिच्यात आपल्या चालीरीतींचाही वाटा आहे. चालीरीतींचा हा वाटा मला दोषास्पद वाटत नाही. नावरूप मागे ठेवू नये, ही एक थोर कल्पना आहे. अडचण एवढीच की ज्याच्या मागे दगड नसतो, त्याला भेटायचे तर पुस्तकातच भेटावे लागते. पुस्तक उघडले गेले नाही, तर तो कोठेच राहत नाही.

येथे लिपीचा प्रश्न येतो. १८०५ चे व्याकरण देवनागरीत आहे. १८१० चा कोश मात्र मोडीत छापला गेला, आणि श्रीरामपूरची पुढची मराठी पुस्तकेही मोडीतच निघाली. त्यामागचा हिशेब उघड होता. मराठ्यांचा कारभार मोडीत चाले, अधिकाऱ्यांना कागद वाचायचे होते ते मोडीचे. जी लिपी वळणदार हातासाठी, बोरू न उचलता लिहिण्यासाठी घडली, तिची सुटी सुटी अक्षरे शिशात ओतायची हे काम सोपे नव्हते. ११ मार्च १८१२ रोजी छापखान्याला आग लागली. बहुभाषी कोशाची हस्तलिखिते, व्याकरणांचे मसुदे, कागदाचा साठा, अनेक लिप्यांचे खिळे त्यात गेले. वितळलेले शिसे गोळा करून पुन्हा खिळे ओतले गेले. वर सांगितलेली 'सिंहासन बत्तिशी' या आगीनंतर दोन वर्षांनी निघाली आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या लहानशा पुस्तकाकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

आगीतून वाचलेल्या या उद्योगाला पुढे गिळले ते काळाने. मुंबईत छापील मराठी बाळबोधीत स्थिरावले. १८२९ मध्ये जगन्नाथशास्त्री क्रमवंत आदी शास्त्रीमंडळींनी केलेला 'महाराष्ट्र भाषेचा कोश' आला, १८३१ मध्ये चाळीस हजार शब्दांचा मोल्सवर्थ आला, १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचे व्याकरण आले. श्रीरामपूरची गरज संपली. शास्त्रीमंडळाच्या कोशात मराठी माणसे स्वतःच्या नावाने पुढे आली, ही गोष्ट वैजनाथाच्या पार्श्वभूमीवर पाहिली म्हणजे किती मोठी होती हे कळते. आणि विसाव्या शतकात मोडी शाळेतून गेल्यावर श्रीरामपूरची ती मराठी पुस्तके मराठी एम. ए. झालेल्या माणसालाही वाचता येईनाशी झाली. कॅरीच्या थडग्यावरचा इंग्रजी लेख मी उभ्या उभ्या वाचला. किराणा दुकानातल्या त्या मुलानेही अक्षरे लावत तो वाचला. वैजनाथाच्या कोशातले पान त्या दिवशी माझ्यापुढे कोणी ठेवले असते, तर मला आणि त्या मुलाला ते जवळजवळ सारखेच दिसले असते.

निघताना त्या गृहस्थांनी विचारले, 'ख्रिस्ती आहात का?' मी नाही म्हटले. 'मग कॅरी साहेब तुमचे कोण?' मराठीचे व्याकरण वगैरे हिंदीतून सांगू लागले, पण ते त्यांना फारसे पटल्याचे दिसले नाही. शेवटी 'मी मराठी शिकवते, त्यांनीही मराठी शिकवले होते' एवढेच म्हटले. 'अच्छा, सहकर्मी,' असे म्हणून त्यांनी फाटक लावले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी मोडीचे वर्ग केले. इतिहास विभागातल्या एका निवृत्त सरांनी शिकवले; तेही विनामूल्य, फक्त चहाच्या बोलीवर. बखरीची, वतनपत्रांची मोडी एक आणि श्रीरामपूरची छापील मोडी आणखी वेगळी. अक्षरे सुटी असल्यामुळे ती वाचायला सोपी जाईल असे वाटते आणि नेमके तेथेच अडायला होते, कारण हाताला आणि डोळ्याला सवय असते ती जोडून लिहिलेल्या ओळीची. यंदा द्वितीय वर्षाच्या दोन विद्यार्थिनी आपण होऊन आल्या. कोशाची छायाप्रत संगणकावर उघडून आम्ही तिघी शनिवारी दुपारी बसतो. डाव्या बाजूला मोडी शब्द, पुढे इंग्रजी अर्थ. मुली हुशारी करून आधी अर्थ वाचतात आणि त्यावरून शब्द ओळखतात. मी अर्थावर कागद धरते. पहिल्या दिवशी दोन तासांत अकरा शब्द लागले. त्यातल्या एकावर तिघींचे एकमत झाले नाही. एकीच्या मते तो छापताना चुकलेला आहे, दुसरी मूळची गोंदियाची, तिच्या मते तिची आजी तो तसाच उच्चारते. तूर्त त्याच्यापुढे पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे.